गर्भातील मेंदूचा वेध : एमआरआय आणि आठवड्यांचे गणित

‘बाळाच्या डोक्यात पाणी आहे.’ गर्भारपणाच्या पाचव्या महिन्यातील सोनोग्राफीनंतर हे वाक्य कानी पडले, की घरातले वातावरणच पालटते. डोहाळजेवणाचे बेत थांबतात, नातेवाइकांचे सल्ले सुरू होतात आणि अहवालातील ‘व्हेंट्रिक्युलोमेगाली’ या शब्दाचा अर्थ जो तो आपापल्या परीने लावू लागतो. विदर्भातील एखाद्या तालुक्याच्या गावी असा अहवाल हाती आला, तर पुढचा सल्ला बहुधा ठरलेला असतो. नागपूरला जा आणि गर्भाचा एमआरआय करून घ्या.

नागपूरकर ज्याला ‘मेडिकल’ म्हणतात ते १९४७ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ‘मेयो’ म्हणजेच इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, स्त्रियांसाठीचे डागा स्मृती रुग्णालय, मिहानमधील एम्स आणि शहरातील खासगी केंद्रे, शिवाय वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम आणि सावंगी येथील रुग्णालये. गडचिरोली-गोंदियापासून मध्य प्रदेशातील छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे रुग्ण या पट्ट्यात येतात. एमआरआय यंत्र आज या शहराला नवे राहिलेले नाही. मात्र गुडघ्याचा किंवा मणक्याचा एमआरआय आणि पोटातील बाळाच्या मेंदूचा एमआरआय यांत बरेच अंतर आहे. ही तपासणी कितव्या आठवड्यात होते, यावर तिचा निम्मा उपयोग अवलंबून असतो.

सोनोग्राफी आधी, एमआरआय नंतर

गर्भाचा एमआरआय ही सरसकट प्रत्येक गर्भवतीने करून घ्यावयाची तपासणी नव्हे. पहिली चाचणी सोनोग्राफीच. ती स्वस्त आहे, सर्वत्र उपलब्ध आहे, बाळाची हालचाल आणि रक्तप्रवाह प्रत्यक्ष दाखवते आणि अनुभवी हातात मेंदूतील बहुतेक मोठे दोष पकडते. १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास होणारी ‘अ‍ॅनोमली स्कॅन’ ही या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची सोनोग्राफी होय.

तरीही तिला मर्यादा आहेत. ध्वनिलहरी हाडातून नीट जात नाहीत. बाळाची कवटी जसजशी टणक होत जाते, तसतसे आतील चित्र धूसर होते. विशेषतः मेंदूचा जो अर्धा भाग तपासणीच्या प्रोबच्या बाजूला असतो, तो नीट दिसत नाही. आईचे वजन जास्त असेल, गर्भजल कमी असेल किंवा बाळाचे डोके खाली ओटीपोटात उतरले असेल तर अडचण आणखी वाढते. एमआरआयला हाडाचा अडथळा होत नाही. शरीरातील पाण्यातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून मिळणाऱ्या संकेतांवर हे चित्र तयार होते, आणि गर्भाच्या मेंदूत तर पाण्याचे प्रमाण फार मोठे. त्यामुळे मेंदूचे थर, पोकळ्या, वळ्या आणि मागच्या बाजूचा लहान मेंदू यांचे तपशील त्यात स्पष्ट उमटतात.

गर्भावस्थेतील अशा प्रतिमांचा पहिला अहवाल १९८३ साली स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथून प्रसिद्ध झाला. त्या काळी एक चित्र घ्यायला मिनिटे लागत आणि बाळ काही मिनिटभर स्वस्थ राहत नसे. आईला गुंगीचे औषध देणे, इतकेच काय, नाळेतून औषध टोचून बाळाला काही काळ निश्चल करणे, असेही प्रयोग तेव्हा झाले. १९९० च्या दशकात एका सेकंदाहूनही कमी वेळात एक चित्र टिपणाऱ्या पद्धती आल्या आणि हा प्रश्न सुटला. अतिजलद प्रतिमांचा पाया घालणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ साली पॉल लॉटरबर यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आज बाळ हलले तरी फारसे बिघडत नाही. तेवढे एक चित्र पुन्हा घेतले जाते.

मेंदू आठवड्या-आठवड्याने घडतो

मेंदूची वाढ समजल्याशिवाय ही तपासणी समजत नाही. हृदय, हातपाय, चेहरा यांची मुख्य घडण पहिल्या तीन महिन्यांत आटोपते. मेंदूचे तसे नाही. गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत चेतानलिका मिटते. ती नीट मिटली नाही तर पाठीच्या कण्याचे किंवा कवटीचे गंभीर व्यंग उद्भवते. पण ही केवळ सुरुवात असते. त्यानंतर मेंदूच्या आतल्या पोकळ्यांलगत पेशी तयार होतात आणि तेथून बाहेरच्या पृष्ठभागाकडे जणू स्थलांतर करतात. हे स्थलांतर मुख्यत्वे दुसऱ्या तिमाहीत चालते. वाटेत काही पेशी अडकून पडल्या, तर जन्मानंतर फिट येण्याचे ते एक कारण ठरू शकते.

मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांना जोडणारा ‘कॉर्पस कॅलोसम’ नावाचा चेतातंतूंचा सेतू १८ ते २० आठवड्यांपर्यंत पूर्ण आकारास येतो. त्याआधी तो ‘दिसत नाही’ असे म्हणण्यात अर्थ नसतो. वळ्यांची गोष्ट तर याहून उशिराची. २० आठवड्यांच्या बाळाचा मेंदू जवळजवळ गुळगुळीत असतो, आणि तसाच तो असायला हवा. २२ ते २४ आठवड्यांच्या सुमारास मागच्या भागातील पहिल्या ठळक खाचा एमआरआयवर दिसू लागतात, मेंदूच्या मधोमध जाणारी मुख्य खाच २६-२७ आठवड्यांच्या आसपास, आणि उरलेल्या बहुतेक वळ्या आठव्या महिन्यापर्यंत भरून येतात. त्यामुळे २० व्या आठवड्यातील गुळगुळीत मेंदू निरोगी असतो, तर ३० व्या आठवड्यातील तसाच मेंदू गंभीर आजाराचे लक्षण ठरतो. चित्र तेच, अर्थ मात्र अगदी उलट.

म्हणूनच गर्भाच्या मेंदूचा एमआरआय वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टला बाळाचे नेमके वय ठाऊक असणे अत्यावश्यक असते. ग्रामीण भागातील अनेक स्त्रियांना शेवटच्या पाळीची तारीख नक्की सांगता येत नाही. अशा वेळी पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीवर काढलेले वय हाच सर्वांत भरवशाचा आधार. तो कागद घरी राहिला म्हणून मोठ्या रुग्णालयात तर्कावर वय धरावे लागणे, हे टाळता येण्याजोगे नुकसान आहे. नागपूरला निघताना नव्या चपलांपेक्षा जुनी फाईल महत्त्वाची!

या संदर्भात भारतातील एका कामाचा उल्लेख करायला हवा. मद्रास आयआयटीच्या सुधा गोपालकृष्णन मेंदू केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये ‘धरणी’ या नावाने दुसऱ्या तिमाहीतील मानवी गर्भाच्या मेंदूचा त्रिमितीय नकाशा प्रसिद्ध केला. मेंदूच्या ५,१३२ पातळ छेदांच्या डिजिटल प्रतिमा त्यात आहेत आणि तो जगभरातील संशोधकांना मोफत खुला आहे. एमआरआयवर करड्या छटांत दिसणारा कोणता थर प्रत्यक्षात कोणत्या पेशींचा आहे, हे पडताळून पाहण्यास असे नकाशे उपयोगी पडतात.

तपासणी कशी होते

या तपासणीत क्ष-किरण नसतात, भूल दिली जात नाही आणि सुईही टोचली जात नाही. गर्भवतीला पाठीवर किंवा डाव्या कुशीवर झोपवले जाते. उताणे झोपल्यास वाढलेल्या गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडून काहींना चक्कर येते; त्यांच्यासाठी डावी कूसच बरी. पोटावर यंत्राचा पट्टा बसवला जातो आणि साधारण अर्ध्या ते पाऊण तासात काम होते. यंत्राचा खडखडाट मोठा असल्याने आईच्या कानांना संरक्षण देतात. बाळापर्यंत तो आवाज आईच्या पोटातून आणि गर्भजलातून बराच मंदावून पोहोचतो.

धातूची प्रत्येक वस्तू बाहेर ठेवावी लागते. येथे अडते ते मंगळसूत्र आणि जोडवी यांच्यापाशी. काही घरांत गरोदर सुनेच्या गळ्यातील मंगळसूत्र काढण्यास सासूबाईंचा विरोध असतो; अशा वेळी तपासणीपुरते काळ्या मण्यांची धातूविरहित दोऱ्यात ओवलेली पोत घालून मार्ग काढता येतो. केसांतील पिना, साडीच्या सेफ्टी पिना आणि चमकी यांचा मात्र हमखास विसर पडतो. शरीरात पेसमेकर किंवा शस्त्रक्रियेत बसवलेला धातूचा भाग असल्यास तो आधीच सांगावा.

सुरक्षिततेविषयीची शंका रास्त आहे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात १४ लाखांहून अधिक बाळंतपणांच्या नोंदींचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या तिमाहीत एमआरआय झालेल्या मातांच्या बाळांना त्यामुळे अधिक धोका असल्याचे त्यात आढळले नाही. मात्र गॅडोलिनियम हे रंगद्रव्य शिरेतून देऊन केलेल्या एमआरआयनंतर मृत जन्म आणि बाळांतील काही दाहक विकार यांचे प्रमाण अधिक दिसले. गर्भाच्या मेंदूच्या तपासणीला या रंगद्रव्याची गरजच नसते आणि ते दिले जात नाही.

कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळते

सर्वाधिक बाळांना एमआरआयसाठी पाठवले जाते ते ‘डोक्यातील पाण्या’साठी. खरे तर मेंदूच्या पोकळ्यांत पाणी प्रत्येकाच्याच असते. बाजूच्या पोकळीची ठरावीक ठिकाणी मोजलेली रुंदी १० मिलिमीटरच्या आत असेल, तर ती सामान्य समजतात. १० ते १२ सौम्य, १३ ते १५ मध्यम आणि १५ च्या वर गंभीर, अशी ढोबळ विभागणी आहे. वाढ सौम्य असेल, मेंदूत दुसरा कोणताही दोष नसेल आणि जनुकीय व जंतुसंसर्गाच्या चाचण्या निर्दोष असतील, तर दहापैकी नऊहून अधिक मुलांची वाढ पुढे सर्वसामान्य होते. अनेक घरांत ही माहिती पोहोचण्याआधीच निराशा पोहोचलेली असते. एमआरआयचे काम ‘दुसरा दोष नाही ना’ हे तपासण्याचे असते. सौम्य वाटणाऱ्या काही बाळांत तो दोष सापडतो आणि मग सारे चित्र बदलते.

कॉर्पस कॅलोसम हा सेतू नसणे किंवा अर्धवट असणे, हे दुसरे मोठे कारण. त्याच्यासोबत वळ्यांचे किंवा पेशींच्या स्थलांतराचे दोष असतील तर भवितव्य वेगळे. केवळ सेतू नसेल आणि बाकी सारे ठीक असेल तर वेगळे. अशा एकट्या दोषासह जन्मलेली बहुसंख्य मुले चालतात, बोलतात, शाळेत जातात. काहींना मात्र शिकण्यात किंवा वागण्यात अडचणी येतात. कोणत्या बाळाला येतील, हे एमआरआय सांगू शकत नाही.

लहान मेंदूच्या मागे असलेली पाण्याची जागा मोठी दिसली तरी घबराट उडते. ती निरुपद्रवी थैली आहे की ‘डँडी-वॉकर’ नावाचा रचनादोष, याचा निवाडा एमआरआयवर अधिक खात्रीने होतो. एकाच वारेवर पोसल्या जाणाऱ्या जुळ्यांपैकी एक बाळ दगावले, तर दुसऱ्याच्या मेंदूला रक्तपुरवठ्याअभावी इजा झाली आहे का, हे पाहण्यासाठी साधारण तीन-चार आठवड्यांनी हीच तपासणी करतात. सायटोमेगालो विषाणू, टोक्सोप्लाझ्मा, झिका अशा संसर्गांतही तिचा उपयोग होतो. २०२४ मध्ये पुण्यात झिकाचे जे रुग्ण आढळले, त्यांत गर्भवती स्त्रियांचाही समावेश होता.

आधीचे मूल मेंदूच्या विकाराने दगावले असेल किंवा पती-पत्नी जवळच्या नात्यातील असतील, तरीही डॉक्टर ही तपासणी सुचवतात. मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रात अनेक समाजांत मान्य आहे. दोघांत एकाच दोषाचे जनुक दडलेले असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते. अशा घरांत एमआरआयइतकीच जनुकीय चाचणी महत्त्वाची ठरते, आणि ती शक्यतो पुढच्या गर्भधारणेपूर्वीच व्हावी.

या तपासणीचे मोल किती, याचे सर्वांत भक्कम उत्तर ब्रिटनमधील ‘मेरिडियन’ या अभ्यासाने दिले. तेथील १६ केंद्रांतील, सोनोग्राफीत मेंदूचा दोष आढळलेल्या ५७० गर्भांची माहिती त्यात तपासली गेली आणि निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ सोनोग्राफीवर अचूक ठरलेले निदान ६८ टक्के होते; एमआरआयची जोड मिळाल्यावर ते ९३ टक्क्यांवर गेले. दर पाचांपैकी किमान एका गर्भाबाबत पालकांना सांगितलेले भवितव्यच बदलले. अर्थात हे आकडे विशेष प्रशिक्षित तज्ज्ञांचे आहेत. यंत्र तेच असले तरी वाचणारा डोळा सराईत नसेल, तर ९३ हा आकडा कुणी गृहीत धरू नये.

कायद्याचे कॅलेंडर आणि मेंदूचे कॅलेंडर

१८ आठवड्यांपूर्वी या एमआरआयमधून सहसा अधिक माहिती मिळत नाही. २२ आठवड्यांनंतर ती उपयोगी ठरू लागते आणि २६ ते ३२ आठवड्यांच्या दरम्यान सर्वांत स्पष्ट असते. दुसऱ्या बाजूला कायद्याची घड्याळे चालू असतात, आणि कुटुंबाची खरी कोंडी येथेच होते.

१९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने २० आठवड्यांची मर्यादा घातली होती. २००८ साली मुंबईतील एका दांपत्याने गर्भाच्या हृदयात दोष असल्याने २४ व्या आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. परवानगी नाकारली गेली आणि देशभर चर्चा झाली. त्यानंतर अनेक स्त्रिया न्यायालयांच्या पायऱ्या चढल्या. नागपूर खंडपीठासमोरही अशा याचिका आल्या. २०२१ मध्ये कायदा बदलला आणि २४ सप्टेंबर २०२१ पासून सुधारणा लागू झाली. आता २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत पुरते. २० ते २४ आठवड्यांत, गर्भातील गंभीर व्यंगासह काही ठरावीक परिस्थितींत, दोन डॉक्टरांचे मत लागते. २४ आठवड्यांनंतर गर्भात मोठे व्यंग असल्याचे निदान शासनाने नेमलेल्या वैद्यकीय मंडळाने केले, तर आठवड्यांची मर्यादा लागू होत नाही. मंडळावर स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट असतात. विनंती मिळाल्यापासून तीन दिवसांत मत देणे नियमानुसार त्यांच्यावर बंधनकारक आहे.

या मंडळापुढे जाणाऱ्या कागदांत एमआरआयचा अहवाल बहुधा निर्णायक असतो. पण मंडळाचे मत म्हणजे अंतिम शब्द नव्हे. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात गर्भ ३२ आठवड्यांहून मोठा होता आणि त्याचे डोके लहान व मेंदू वळ्यांविना गुळगुळीत असल्याचे निदान झाले होते. गर्भ फार वाढला आहे, या कारणाने मंडळाने नकार दिला होता. न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांच्या खंडपीठाने परवानगी दिली आणि निवडीचा अधिकार त्या स्त्रीचा आहे, मंडळाचा नव्हे, असे स्पष्ट केले. हा विशिष्ट विकार उशिरा उघड झाला, यात नवल नव्हते. वळ्याच उशिरा येतात. त्या आल्या नाहीत हे त्याआधी कसे कळावे?

परंतु उशिराचा सारा दोष मेंदूच्या वाढीवर टाकता येत नाही. १८-१९ व्या आठवड्यात सोनोग्राफी झाली, तर २२ व्या आठवड्यातील एमआरआय, गर्भजलाची जनुकीय चाचणी आणि तिच्या अहवालासाठी लागणारे दोन-तीन आठवडे, हे सारे निदान आवाक्यात तरी राहते. हीच सोनोग्राफी २३ व्या आठवड्यात झाली, तर कुटुंब पहिल्या दिवसापासून घाईत असते. गडचिरोलीहून नागपूर सुमारे १७० किलोमीटर आहे आणि भामरागड त्याच्याही बरेच पलीकडे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तेथील गर्भवतीच्या एका सोनोग्राफीला झालेला पंधरा दिवसांचा उशीर शहरातील पंधरा दिवसांसारखा नसतो. दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय रुग्णालयांत २०१६ पासून होणारी गर्भवतींची मोफत तपासणी ही त्यामुळे केवळ वजन आणि रक्तदाबापुरती उरू नये. अ‍ॅनोमली स्कॅनची तारीख त्याच दिवशी ठरलेली बरी.

आणखी एक कायदा या तपासणीला लागू होतो. लिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्याची व्याप्ती केवळ सोनोग्राफीपुरती नाही. गर्भाचे लिंग दाखवू शकणारे कोणतेही इमेजिंग यंत्र त्यात येते. एमआरआय केंद्रात मुलगा की मुलगी, हा प्रश्न विचारणे आणि त्याचे उत्तर देणे, दोन्ही गुन्हाच.

अहवाल हाती आल्यावर

एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, बुद्धी दाखवत नाही. स्वमग्नता, बहुतेक जनुकीय आजार, पुढे येणारी फिट यांबाबत तो फारसे सांगू शकत नाही. मेंदूतील कॅल्शियमचे साठे सोनोग्राफीतच अधिक चांगले दिसतात. २२ व्या आठवड्यातील निर्दोष अहवाल ३० व्या आठवड्यापर्यंत टिकेलच असेही नाही. डोक्याची वाढ खुंटणे पुष्कळदा शेवटच्या तिमाहीतच लक्षात येते. म्हणून शंका असल्यास चार-सहा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. अहवाल घेऊन केवळ स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न थांबता मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांची भेटही गर्भारपणातच घ्यावी. बाळ पुढे कसे वाढेल, हे रोज पाहणारे डॉक्टर तेच असतात. नवऱ्याने आणि सासरच्या मंडळींनी त्या भेटीला हजर राहिलेले चांगले, कारण ऐकीव माहिती घरी पोहोचेपर्यंत तिचा अर्थ बदललेला असतो.

ज्या जोडप्यांना चेतानलिकेच्या दोषाचे मूल झालेले आहे, त्यांनी पुढच्या गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक अ‍ॅसिडची मोठी मात्रा सुरू करावयाची असते. इतर स्त्रियांसाठी रोजची ४०० मायक्रोग्रॅमची मात्रा पुरेशी मानली जाते. पाळी चुकल्यावर गोळी सुरू करणे बहुतेक वेळा उशिराचे ठरते, कारण नलिका मिटण्याचा काळ तोवर निघून जात असतो.

गर्भारपण पुढे चालू ठेवण्याचा निर्णय झाला, तर बाळंतपण नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी व्हावे. जन्मानंतर टाळू उघडी असल्याने तेथून साधी सोनोग्राफी करता येते. एमआरआयची गरज पडल्यास तान्ह्याला पोटभर दूध पाजून, दुपट्यात गुंडाळून झोपवतात आणि पुष्कळदा भुलीशिवायच चित्रे मिळतात. पुढील वाढ खुंटू नये म्हणून व्यायाम, वाचा आणि श्रवण यांवरचे उपचार पहिल्या काही महिन्यांत सुरू व्हावे लागतात. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात त्यासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. गर्भातील एमआरआयची मूळ फिल्म आणि सीडी तेथे सोबत न्यावी; जन्मानंतरच्या चित्राशी ती ताडून पाहता येते.